ऐकून घेणं

माझ्या भावाने आपल्या केबिनचं दार काढलं, तिथून सगळी पीडा सुरू झाली.

काढलं म्हणजे अक्षरशः काढलं. कोर्सहून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रींकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, बिजागऱ्या सोडवल्या आणि दार उचलून माझ्या खुर्चीमागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. "आजपासून माझं दार सगळ्यांना उघडं," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, उघडं ठेवायचं तर उघडं ठेव. काढतोस कशाला?" तर नुसता हसला. कोर्सहून आल्यापासून तो असा समजूतदार हसायला लागला होता, आणि ते हसू बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. शिवाय ते दार दिवसातून दोनदा घसरून माझ्या खुर्चीवर यायचं, ते वेगळंच.

कोर्सचं नाव होतं 'बदलत्या जगासाठी सेवाभावी नेतृत्व'. तीन दिवस, दोन वेळचं जेवण, एक कापडी पिशवी आणि एक प्रमाणपत्र. आमचा धंदा लिफ्टच्या देखभालीचा. लिफ्ट अडकली की लोकांना नेतृत्व नको असतं, मेकॅनिक हवा असतो. हे मी त्याला जाण्याआधीच सांगितलं होतं, पण आमच्या घरात माझं कोण ऐकतं?

माझा भाऊ म्हणजे बारक्या. धाकटा म्हणून लहानपणी पडलेलं नाव. आता तो आत शिरला की लिफ्टसुद्धा कुरकुरते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गेल्या वर्षी बाबांनी धंदा त्याच्या हाती दिला. बाबांची पद्धत वेगळी होती. त्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही. कुठली लिफ्ट आधी, कुठली नंतर, कुठला भाग बदलायचा, सगळं स्वतः ठरवायचे आणि हुकूम सोडायचे. निम्म्या वेळा त्यांचं बरोबर असायचं. उरलेल्या निम्म्या वेळा फोन वाजायचा. मग बाबा केबिनचं दार लावून घ्यायचे आणि आतून म्हणायचे, "पोरी, जरा ऐकून घे."

ही माझी नोकरी. वीस वर्षं मी ऐकून घेतलं. दहाव्या मजल्यावर सामान अडकलेल्यांचं, अंधारात तासभर कोंडलेल्यांचं, सोसायटीच्या चिडक्या सेक्रेटऱ्यांचं. 'हो, बरोबर आहे तुमचं' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणते, असं माझा नवरा सांगतो. त्यालाही बहुतेक तेवढंच एक वाक्य माझ्याकडून मिळतं, तेही झोपेत. माझा ऑफिसातला चहा कधी गरम असताना पिऊन झालेला नाही. बाबा निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, खुर्ची आता माझी. स्पष्टच सांगते, मला ती हवी होती. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "तू आत बसलीस तर फोन कोण बघणार?"

आता बाबांना खरोखरच ऐकू येत नाही. बारक्याने त्यांना कानाचं भारी यंत्र आणून दिलंय, ते शर्टाच्या खिशात असतं. बाबा रोज ऑफिसात येतात, सोफ्यावर बसतात आणि सगळ्यांकडे संशयाने बघतात.

तर कोर्सबद्दल. तिथे बारक्याला शिकवलं की नेता हा आधी सेवक असतो, आणि सेवकाचं पहिलं काम ऐकणं. शिकवणाऱ्या बाई बिचाऱ्या काहीतरी शहाणपणाचंच सांगत असणार. पण आमच्या घरात 'ऐकणे' या शब्दाचा अर्थ एकच. "ऐकतोस की नाही?" म्हणजे सांगितलं ते करतोस की नाही. बारक्या लहानपणापासून ऐकणारा मुलगा म्हणून कौतुकाचा, आणि मी न ऐकणारी म्हणून बोलणी खाणारी. त्यामुळे नेत्याने ऐकायचं असतं म्हटल्यावर तो खूश झाला आणि लागला ऐकायला. सगळ्यांचं.

मिस्त्री म्हणाले, गणवेश निळा बरा, ग्रीसचे डाग कमी दिसतात. ऐकलं. लांब्या मेकॅनिक म्हणाला, करडा बरा, धूळ दिसत नाही. तेही ऐकलं. आता आमची माणसं वर निळी आणि खाली करडी असतात, आणि लोक त्यांना बँडवाले समजतात. मिस्त्री म्हणाले, सकाळची मीटिंग नको, वेळ जातो. मीटिंग बंद. स्टोअर सांभाळणारी म्हणाली, मीटिंग नसेल तर मला कसं कळणार कोण काय घेऊन गेलं? मीटिंग चालू, पण संध्याकाळी, आणि मिस्त्रींना येणं सक्तीचं नाही. चहासुद्धा तो स्वतः करायला लागला, सेवा म्हणून. त्याच्यासारखा भिकार चहा मी दुसऱ्या कुणाच्या हातचा प्यायलेली नाही. सगळे 'वा साहेब' म्हणायचे आणि अर्धा कप बेसिनमध्ये ओतायचे. शेवटी मिस्त्री माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, साहेबांना सांगा ना, एकदा तरी नाही म्हणा. काय मागू नये तेच आम्हाला कळेनासं झालंय."

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर मी हसण्यावारी नेलं. मग सोमवारी मास्तरांची लिफ्ट बंद पडली.

मास्तर सातव्या मजल्यावर राहतात. निवृत्त शिक्षक, बायको वारलेली, मुलगी जवळ. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, त्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. त्यांच्या इमारतीत एकच लिफ्ट, आणि तिचा ड्राइव्ह जळला. ड्राइव्ह म्हणजे मोटरला कधी किती फिरायचं हे सांगणारी डबी, चपलांच्या खोक्याएवढी. पूर्वी हे नव्हतं. पूर्वी मिस्त्री खिशात पॉलिश पेपर घेऊन जायचे, काळे पडलेले काँटॅक्ट घासायचे आणि लिफ्ट चालू करून यायचे. आता डबी जळली की जळली. कंपनीकडून दुसरी यायला आठवडा लागतो.

मंगळवारी शेजारच्या चार जणांनी मास्तरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली न्यायचा प्रयत्न केला. चौथ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा पाय मोडला. पडले नाहीत, पण मास्तर म्हणाले, मला परत वर न्या. मंगळवारचं डायलिसिस बुडलं. पुढचं गुरुवारी सकाळी. तेही बुडलं तर काय होईल हे त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं, आणि ती आवाज चढवून बोलत नव्हती, याचीच मला जास्त भीती वाटली.

आमच्या स्टोअरमध्ये त्या मापाचा एकच ड्राइव्ह होता, आणि तो ठेवलेला होता फर्निचरच्या शोरूमसाठी. त्यांच्या काचेच्या लिफ्टचा ड्राइव्ह कारखान्यातूनच फुटका आला होता, आणि शोरूमचं उद्घाटन गुरुवारी सकाळी. त्या शोरूमवाल्यांच्या पाचही दुकानांच्या लिफ्ट आमच्याकडे आहेत. दोन मेकॅनिकचे पगार त्यांच्यावर निघतात. मालक तापट. त्याचा फोन आला की मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरते, तरी सगळं स्वच्छ ऐकू येतं.

बुधवारी सकाळी लांब्या ड्राइव्ह घेऊन व्हॅनने निघाला. दुपार व्हायच्या आत त्याचा मला फोन आला.

"ताई, मी पेट्रोल पंपावर उभा आहे."

"पेट्रोल संपलं?"

"नाही. शोरूमकडे निघालो होतो, तर साहेबांचा फोन, मास्तरांकडे जा. वळलो. परत साहेबांचा फोन, शोरूमकडे जा. परत वळलो. आता तिसऱ्यांदा वळवताहेत. पंपवाला विचारतोय, हवा भरायला येता की हवा खायला? मी नक्की जाऊ कुठे?"

"आहेस तिथेच थांब," म्हटलं, आणि उठले. उठताना दार घसरून माझ्या खुर्चीवर पडलं. मी ते तसंच राहू दिलं.

बारक्या आत बसून दोन्ही हातांनी डोकं दाबत होता. दार नसल्यामुळे ठोठावायचा प्रश्नच नव्हता.

"शोरूमवाल्याला काय सांगितलंस?"

"आज बसवतो म्हणून."

"आणि मास्तरांच्या मुलीला?"

"आज बसवतो म्हणून."

"ड्राइव्ह किती आहेत आपल्याकडे?"

"एक." मग म्हणाला, "ताई, दोघांचंही बरोबर आहे गं. मी दोघांचंही ऐकलं."

मला वाटलं, कोर्सची ती कापडी पिशवी त्याच्या डोक्यात घालावी. "ऐकतोस हेच तर चुकतंय," मी म्हटलं. "ऐकू नकोस. ऐकून घे. कळतोय का फरक? समोरचा बोलतोय ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. लगेच हो म्हणायचं नाही, लगेच नाही म्हणायचं नाही. तोंड बंद. मग आपलं डोकं चालवायचं. एवढी वर्षं मी इथे दुसरं काय करतेय?"

"आणि डोकं चालवून झाल्यावर?"

"काय ते ठरवायचं. आणि मग परत ऐकून घ्यायचं."

"आता कुणाचं?"

"ज्याचं केलं नाहीस त्याचं. शिव्या खायच्या. त्यालाही ऐकून घेणंच म्हणतात. बाबांनी तो भाग माझ्याकडे दिला होता, म्हणून तुला माहीत नाही."

त्याने डोक्यावरचे हात काढले. मग म्हणाला, "तू काय करशील?"

मला कुणी असं विचारत नाही. म्हणून मी नीट सांगितलं. ड्राइव्ह शोरूमला द्यायचा, कारण पाच दुकानं गेली तर लांब्याला आणि आणखी एकाला घरी बसवावं लागेल. मास्तरांसाठी रुग्णवाहिकेवाल्यांची जिन्यावरून उतरवायची खुर्ची मागवायची. तिला पट्टे असतात, चाकं असतात, ती मोडत नाही. गुरुवारी त्यांना तसं न्यायचं, आठवड्याने नवीन ड्राइव्ह येईल. दोन्ही कामं होतात, कुणाचं वाटोळं होत नाही. मला अजूनही वाटतं, हा सल्ला चांगला होता.

बारक्याने सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. एवढ्या लवकर शिकेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मला ते आवडलंही नाही. "मी मास्तरांना भेटून येतो," म्हणाला आणि निघून गेला.

तो आला तेव्हा दुपार कलत आली होती. तोवर शोरूमच्या मॅनेजरचे फोन मीच घेतले. हो, बरोबर आहे तुमचं. हो, बरोबर आहे. बारक्या आला तो शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसला.

"सात मजले चढलो," म्हणाला. "वर पोचलो तर तोंडातून शब्द फुटेना. मास्तरांनी पाणी दिलं. म्हणाले, बसा, घाई नाही. मला त्यांना सांगायचं होतं की काळजी करू नका, मी बघतो. पण बोलताच येईना. मग तेच बोलायला लागले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मंगळवारी चार माणसं धापा टाकत होती आणि मी वरून त्यांची माफी मागत होतो. वळणावर खुर्ची कलली तेव्हा त्यातल्या एकाचं बोट कठड्यात चेमटलं, त्याचीही माफी मागितली. जन्मभर वर्गात उभा राहिलेला माणूस मी. आठवड्यातून तीनदा असं दुसऱ्यांकडून उचलून घेत जगायचं नाही मला. उद्या कुणी कितीही चांगली खुर्ची आणली तरी मी उठणार नाही." बारक्याने तोंड पुसलं. "मुलीला हे सांगितलेलं नाही त्यांनी. मला का सांगितलं कोण जाणे. बहुतेक मी मध्ये बोललो नाही म्हणून."

मला वाईट वाटलं. पण मी म्हटलं, "रागाच्या भरात म्हणतात रे माणसं. मुलगी समजावेल. मी तिला फोन करते."

"रागात नव्हते. चहाला आधण ठेवावं तसं शांतपणे सांगत होते."

"तरीसुद्धा, बारक्या, लांब्याच्या घरी दोन मुलं आहेत."

"माहीत आहे." तो स्टुलावरून उठला. मग म्हणाला, "ताई, तुझं मी ऐकून घेतलं. पण ड्राइव्ह सातव्या मजल्यावर जाणार. लांब्याला मी सांगतो, त्याच्या नोकरीचं काय ते पण मीच सांगतो. शोरूमच्या मॅनेजरला पण."

अडतीस वर्षांत त्याने माझं कधी टाळलं नव्हतं. कुठला शर्ट घालू इथपासून कुणाशी लग्न करू इथपर्यंत सगळं मला विचारून केलेला मुलगा. मी त्याला सांगितलं काय होतं, की सगळ्यांचं ऐकू नकोस. त्यात माझंही आलं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी इतकी चिडले की उरलेला दिवस त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाही. सोफ्यावरून बाबा विचारत होते, काय झालं, काय झालं. त्यांनाही काही सांगितलं नाही. संध्याकाळी मिस्त्री आणि लांब्या ड्राइव्ह बसवून आले.

गुरुवारी सकाळी मी लवकर आले. बारक्या माझ्याआधीच आला होता आणि चहा करत होता. बाबाही आज सकाळीच येऊन बसलेले. वास लागतो त्यांना. मिस्त्री आणि लांब्या हत्यारांच्या पेट्या भरण्याचं नाटक करत होते.

पहिला फोन मास्तरांच्या मुलीचा.

"ताई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. "बाबा गेले."

"कधी?" मी विचारलं. 

"आत्ताच. रुग्णवाहिकेतून. लिफ्टपर्यंत स्वतः चालत गेले, काठी घेऊन. बटण पण मला दाबू दिलं नाही. तुमच्या साहेबांना सांगाल का?"

लोकांनी वाक्य तोडावं कुठे, याचा एखादा कोर्स निघायला हवा. मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं. लांब्या जरा हसला. बारक्याने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला.

मग तो फोन वाजला. नंबर मला पाठ आहे. उद्घाटन दहाला होतं, आणि दहा वाजून गेले होते. त्या माणसाकडे बारक्याचा मोबाईल नंबर आहे, पण राग आला की तो वर्षानुवर्षं याच फोनवर करतो, कारण या फोनवर मी असते. माझा हात आपोआप रिसीव्हरकडे गेला. तोंडात 'हो, बरोबर आहे तुमचं' तयारच होतं.

माझ्या हाताआधी बारक्याचा हात तिथे होता.

"दे इकडे," म्हणाला. "हा माझा आहे."

लांबलचक वायर ओढत तो फोन आत टेबलावर घेऊन गेला. दार नव्हतंच. शोरूमवाल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, शब्दन् शब्द. पाहुणे जिन्याने चढले, काचेची लिफ्ट खाली शोभेला उभी राहिली, तुझा बाप होता तेव्हा असं व्हायचं नाही, तू कुणाच्या सांगण्यावरून केलंस हे.

"कुणाच्या नाही," बारक्या म्हणाला. "मीच ठरवलं." मग बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. "नाही, ताईचा काही संबंध नाही. ती नकोच म्हणत होती. मॅनेजरला कालच सांगितलं होतं, तेही मीच. हो. पाचही दुकानं? तुमची इच्छा. नवीन ड्राइव्ह आला की तुमची लिफ्ट चालू करून देईन, मग पुढचं तुम्ही ठरवा."

लांब्याच्या हातातला पाना पेटीत न जाता हातातच राहिला होता. आमच्या साहेबांना शिव्या खाताना त्याने कधी बघितलं नव्हतं. कुठल्याच साहेबांना, खरं तर. ते काम साहेबांच्या दाराआड कधी व्हायचंच नाही. ते दाराबाहेर, माझ्या टेबलावर व्हायचं. सोफ्यावर बाबांनी खिशातून यंत्र काढलं, उलटंसुलटं करून बघितलं, आणि कानात घातलं.

बारक्याने फोन ठेवला. चेहरा लाल झाला होता. 

"कोण होतं?" बाबांनी विचारलं.

"शोरूमवाले, बाबा."

बाबा माझ्याकडे वळले. "पोरी, मग तू नाही घेतलास?"

"माझा नव्हता," मी म्हटलं, आणि कप उचलला. चहा अजून गरम होता. नेहमीसारखाच भिकार. मी सगळा प्यायले.